वाक्यात उपयोग करा : पोल्यूट

आमच्या विहारात रात्री पोरांचा अभ्यास घेतो. वीस-बावीस पोरं, दोन ट्यूबलाइट, एक फळा. परवा सातवीतल्या एका पोरीनं इंग्रजीची वही पुढं केली. पाच शब्द दिलेले, वाक्यात उपयोग करा. चौथा शब्द पोल्यूट. पोरीनं लिहिलेलं, ‘माय ग्रँडफादर पोल्यूटेड अ वेल.’ माझ्या आजोबांनी विहीर बाटवली. बाईंनी त्यावर लाल फुली मारलेली आणि शेजारी बरोबर वाक्य लिहून दिलेलं, ‘फॅक्टरीज पोल्यूट रिव्हर्स.’

पोरगी म्हणाली, “दादा, माझं काय चुकलं? कर्ता आहे, क्रियापद आहे, कर्म आहे. स्पेलिंगपण बरोबर आहे.”

मी तपासलं. एक चूक नाही. आजोबाची गोष्ट तिनं बापाच्या तोंडून ऐकलेली. बारा वर्षांचं पोर, उन्हाळ्याचे दिवस, गुरं वळून आलेलं. विहिरीवर कोणी नाही बघून पायऱ्या उतरलं आणि ओंजळीनं पाणी प्यालं. वरून कोणीतरी बघितलं. मग गावानं विहीर उपसली, गोमूत्र शिंपडलं, आणि पोराच्या बापाला चावडीपुढं उघडा करून झोडपला. ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. तुमच्या घरातही एखादी असणार. माहीत नसेल तर तुम्ही म्हाताऱ्यांना विचारलेलं नाही, एवढंच.

बाईंना वाटलं, पोरीला शब्दाचा अर्थ कळला नाही. अर्थ पोरीला बाईंपेक्षा जास्त कळलेला. तरीपण मी म्हणतो, वाक्य खोटं आहे. व्याकरणानं चोख आणि धडधडीत खोटं. आजोबानं त्या विहिरीचं काय केलं? तहान लागली, पाणी प्याला. त्याचं क्रियापद एवढंच, प्याला. पोल्यूट ही क्रिया त्यानं केलेलीच नाही, ती गावानं त्याच्या खात्यावर मांडली. आणि आता त्याची नात, मुंबईत, इंग्रजी शाळेत, स्वतःच्या सुंदर अक्षरात ती परत त्याच्याच खात्यावर मांडतेय. मी हादरलो तो यानं. फुलीचं काय, फुल्या आपण बालवाडीपासून खातोय.

गावाची भाषा नीट ऐका. गाव आधी म्हणतं, विहीर बाटली. पाणी बाटलं. विटाळ झाला. अकर्मक क्रियापद. पाऊस पडला, दूध नासलं, तसं पाणी बाटलं. कोणी केलं? कोणी नाही, झालं. मग चावडीवर बैठक बसते आणि तेच गाव सकर्मक होतं. अमक्या महारानं विहीर बाटवली. विहिरीपासून चावडीपर्यंतच्या वाटेवर कुठंतरी कर्ता चिकटवला जातो. चिकटवावाच लागतो. कारण फटके कर्त्याला मारायचे असतात, क्रियापदाला कोण मारणार?

या क्रियापदाचं गणगोतही मोठं आहे. धर्म सोडला तो बाटगा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसं माणूस झाली, आणि गावोगावच्या आळ्यांत त्यांना नाव पडलं, बाटगे. घरात आई-बहीण चार दिवस बाजूला बसली की विटाळशी. इथं दोस्तांनो, आपल्याच घरांकडंही बघा. बाहेर विटाळाला शिव्या देणारा आपला कार्यकर्ता घरी त्या चार दिवसांत कोणाच्या हातचं जेवतो, हे मला माहीत आहे. जाऊ दे, तो लेख वेगळा लिहावा लागेल.

इंग्रजी शिकलं की यातून सुटलो, असं आपल्याला वाटतं. वाघिणीचं दूध वगैरे. पण या वाघिणीच्या पोटातही धर्मच आहे. पोल्यूट हा शब्द लॅटिनातून आला आणि इंग्रजीत त्याचा जुना अर्थ भ्रष्ट करणं, अपवित्र करणं हाच. धूर, सांडपाणी, नद्या हे सगळं पुढं चिकटलं. साहेबाला आपल्याकडचा विटाळ लिहायचा झाला तेव्हा त्याला शब्द शोधावा लागला नाही, घरातच होता. मग प्रोफेसर आले. लुई द्यूमाँनं 1966 साली फ्रेंचमध्ये ‘होमो हायरार्किकस’ लिहिलं आणि शुद्ध-अशुद्ध या जोडीवर जातीचा सगळा डोलारा उभा केला. जमीन कोणाची, पाणी कोणाचं, काठी कोणाच्या हातात, हे सगळं त्या जोडीच्या खाली. असली पुस्तकं वाचून आपलाच पोरगा युनिव्हर्सिटीत उभा राहतो आणि म्हणतो, ‘द अनटचेबल पोल्यूट्स बाय टच.’ अस्पृश्य स्पर्शानं विटाळतो. वर्तमानकाळ, कर्तरी प्रयोग, सूर्य पूर्वेला उगवतो तसलं वाक्य. ‘असं सवर्ण मानतो’ हे तीन शब्द कुठं गेले? ते गेले की सवर्णाच्या डोक्यातला किडा आपल्या अंगावरची घाण होतो. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अशुद्ध वेगळा आणि अस्पृश्य वेगळा असं बजावून सांगितलं. अशुद्धता प्रसंगाची असते, फिटते. अस्पृश्यता जन्माची, फिटतच नाही. म्हणजे तिचा घाणीशी, पाण्याशी, हात धुण्याशी काडीचा संबंध नाही. हे पुस्तक आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे. कपाटातच आहे.

आता महाडला चला. 1923 साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनं 1924 ला तो मान्य केला. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि परिषदेला जमलेली माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्या तळ्यावर मुसलमान-ख्रिस्ती पाणी भरत होते, गुरंढोरं पीत होती. तेव्हा तळं चवदारच होतं. आपण प्यालो आणि तळं बाटलं. डोकी फोडून झाल्यावर सनातन्यांनी शुद्धी केली. 108 घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत तळ्यात सोडलं.

1974 च्या पाणी प्रदूषणाच्या कायद्यात पोल्यूशनची व्याख्या आहे. पाण्याच्या भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्मांत असा बदल की ते अपायकारक व्हावं. या व्याख्येचा कागद हातात घेऊन 1927 चा पंचनामा करा. माणसांनी ओंजळी भरल्या, पाणी प्याली. बदल, शून्य. मग 108 घागरी शेणमूत. बदल, तुम्हीच सांगा. आता वाक्यात उपयोग करा. कर्ता, महाडचे सनातनी. क्रियापद, पोल्यूटेड. कर्म, चवदार तळं. हे वाक्य कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? आपल्याला तर ते पाणी पिण्याचा हक्क कोर्टाच्या शिक्क्यानिशी मिळायला 17 मार्च 1937 उजाडला. दहा वर्षं.

त्याच महाडच्या अंगाला आज रसायनांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि शेजारी सावित्री नदी. नदीच्या पाण्याबद्दल काठची गावं, मासेमारीवर जगणारे कोळी वर्षानुवर्षं ओरडतायत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 नदीपट्टे आहेत, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. सावित्री त्यात आहे. यादीचं नाव काय? ‘पोल्यूटेड रिव्हर स्ट्रेचेस.’ प्रदूषित नदीपट्टे. क्रियापदाचं विशेषण करून टाकलं. विशेषणाला कर्ता लागत नाही. 351 नदीपट्टे आपोआप नासले, दुधासारखे. चवदार तळ्यावर ओंजळ भरली तर कर्ता जातीसकट हजर, आणि सावित्रीत पाइप सोडला तर कर्मणी प्रयोग. हा फरक व्याकरणाचा आहे काय? 2024 मध्ये संसदेनं या पाणी कायद्यात दुरुस्ती करून काही गुन्ह्यांची कैद काढली आणि 10 हजार ते 15 लाख रुपये दंड ठेवला. म्हणजे कर्ता सापडला तरी पावती फाडून घरी.

बाईंच्या वाक्यावर म्हणून माझा राग नाही. फॅक्टरीज पोल्यूट रिव्हर्स, खरं वाक्य आहे. फक्त ते सातवीच्या वहीत खरं असतं. सरकारी कागदावर आलं की फॅक्टरी गळून पडते.

कर्ता परत कधी येतो? झोपडपट्टी दिसली की येतो. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली. दुसऱ्या दिवसापासून पांढरपेशांच्या तोंडी वाक्य तयार, मिठी नदी झोपडपट्टीवाल्यांनी घाण केली. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला वाकवलं कोणी, भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं कोणी, तिथं परत सगळं कर्मणी. भराव ‘टाकला गेला’. प्रवाह ‘अरुंद झाला’. आणि जो माणूस रोज तुमच्या गटारात उतरून तुमची घाण उपसतो तो मेला की पेपरात बातमी काय येते? ‘मॅनहोलमध्ये गुदमरून कामगारांचा मृत्यू.’ गुदमरून! उतरवलं कोणी? हातानं मैला उपसायला बंदी करणारे कायदे 1993 चे आणि 2013 चे आहेत. सुप्रीम कोर्टानं 2014 ला दहा लाख आणि 2023 ला तीस लाख भरपाई ठरवली. रक्कम वाढली. वाक्यात कर्ता अजून यायचा आहे.

एका ठिकाणी मात्र कायद्यानं हे व्याकरण उलटं केलेलं. 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा. आपण वापरतो ते पाणी कोणी घाण केलं तर तो गुन्हा, आणि कर्ता कलमातच लिहून ठेवलेला, जो अनुसूचित जाती-जमातीचा नाही असा माणूस. या देशाच्या इतिहासात पाणी बाटवणारा म्हणून पहिल्यांदा त्यांचं नाव आलं. माझ्या मते त्या कायद्यातलं हे मोठं वाक्य आहे, आणि आपण ते पाठ करत नाही.

पण कर्ता चिकटवणारे हात चावडीवरचे ते ठाण्यात जाऊन बसलेत. तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात वेंगैवयल नावाचं गाव आहे. डिसेंबर 2022 मध्ये तिथं दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत माणसाचा मैला सापडला. पोरं आजारी पडली तेव्हा कळलं. दोन वर्षं तपास. दोन वर्षं वाक्य असंच, मैला ‘आढळला’. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सीबी-सीआयडीनं आरोपपत्र ठेवलं. कर्ता मिळाला. कोण? त्याच वस्तीतले तिघे जण. वस्तीनं आणि विडुदलै चिरुतैगळ कच्चीसारख्या पक्षानं हे धुडकावलं, सीबीआय चौकशी मागितली. आरोप सिद्ध व्हायचा तो कोर्टात होईल किंवा होणार नाही. मी एवढंच बघतो की कर्ता दलित ठरला की 1989 चं ते कलम आपोआप गळतं, आणि शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं परत येतं. पाणी? दलितांनीच बाटवलं.

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, बाटणे-विटाळणे हे शब्दच जाळा. मला ते पटत नाही. शब्द जाळायला निघालात तर तुमच्या आधी ते जाळतील, म्हणजे पुरावाच गेला. उलट मराठीत काय झालं बघा. कारखान्यासाठी नवा कोरा शब्द आणला, प्रदूषण. संस्कृतचं अत्तर लावून आला साला. आणि विटाळ ठेवला आपल्यासाठी. कारखान्यानं नदी ‘प्रदूषित केली’, महारानं विहीर ‘बाटवली’. मी तर आता सरळ म्हणतो, शेठजींच्या कारखान्यानं सावित्री बाटवली. सनातन्यांनी चवदार तळं बाटवलं. म्हणून बघा, जिभेला कसं लागतं ते. समोरच्याच्या तोंडाचा रंगही बघा. आणि आपल्या माणसाबद्दल, इंग्रजीत असो की मराठीत, प्रबंधात असो की पोस्टरवर, पोल्यूट हे क्रियापद वापरणार असाल तर ते मानणाऱ्याचं नाव त्या वाक्यात आलंच पाहिजे. जागा पुरत नसेल तर दुसरं काहीतरी कापा.

पोरीला मी काय सांगितलं? परीक्षेत बाईंचं वाक्य लिही, मार्क घे. मार्क आपल्याला हवेत. वहीत तुझं वाक्य परत लिही. तिनं पेन्सिल चावत लिहिलं, ‘दे पोल्यूटेड द वेल आफ्टर माय ग्रँडफादर ड्रँक वॉटर.’ तो पाणी प्याल्यावर त्यांनी विहीर बाटवली. मी म्हटलं, दे म्हणजे कोण? सर्वनाम नको, नाम लिही. म्हणाली, बापाला विचारते. बाप कामावरून रात्री अकराला येतो.

तुमच्या वस्तीतल्या पोरांच्या वह्या उघडून बघा. असली वाक्यं जमवा. पाठ्यपुस्तकातली, पेपरातली, एफआयआरमधली, प्रबंधातली. पुस्तकाचं नाव, पान, तारीख घालून अंकाकडं पाठवा. मूळ वाक्य वर आणि तुम्ही कर्ता बदलून लिहिलेलं खाली. पुढच्या अंकात दोन पानं त्याच्यासाठी राखून ठेवतोय.