फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी लिनक्स म्हणतं ‘सापडली नाही’! असं का होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. जुना पीसी फेकू नका, त्यावर लिनक्स टाका, हा सल्ला तेव्हापासून तुम्हीही ऐकला असेल. सल्ला चांगलाच आहे. पण टर्मिनलवर चालणारा एखादा घरगुती प्रोग्रॅम तिकडे नेला की पहिली ठेच बहुतेकदा फाइलच्या नावाला लागते.

समजा, ब्रह्मपुरीतल्या एका सेवा केंद्रात धान विकणाऱ्यांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम आहे. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘यादी’, त्यातला वाय कॅपिटल. कोडमध्ये मात्र तोच वाय स्मॉल. विंडोज एरवी असा फरक मानत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत चालत होतं. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिमला मात्र ही दोन वेगळी नावं वाटतात. काम तिथेच थांबतं.

हे निदान लगेच कळतं तरी. उलटा प्रवास जास्त धोक्याचा. लिनक्सवर या दोन्ही नावांच्या फाइल शेजारी-शेजारी राहतात. त्यांची झिप विंडोजवर उघडली की एक फाइल दुसरीवर बसू शकते, म्हणजे कदाचित सुधारित यादीवर जुनी यादी. २०१४मध्ये तर याच फरकामुळे गिटमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलं होतं.

मग नावं मराठीतच ठेवू, देवनागरीत कुठे कॅपिटल-स्मॉल असतं? मलाही असंच वाटायचं. पण ‘शेतकऱ्यांची यादी’ लिहून बघा. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून साठवता येतो किंवा र अधिक नुक्ता म्हणून. काही कीबोर्ड त्याऐवजी र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर टाकतात. स्क्रीनवर तिन्ही सारखे, एक्स्ट४साठी तीन वेगळी नावं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस सिस्टिम तर नाव सेव्ह करतानाच ‘ऱ’ फोडून ठेवायची.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी नियमाने एक करता येतात. तिसरी त्यातूनही निसटते, ती कोडमध्ये वेगळी बदलावी लागते. रोमन नावं सरसकट स्मॉलमध्ये ठेवा. आणि ‘लिनक्स आहे म्हणजे फरक मानणारच’ असं कोडमध्ये गृहीत धरू नका: लिनक्सला लावलेला नेहमीचा एक्सफॅट पेन ड्राइव्ह तो फरक मानत नाही. त्या फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल बनवायची, तिचं नाव दुसऱ्या केसमध्ये लिहून उघडून बघायचं आणि मगच यादीला हात लावायचा.