जनरेटरला खूण, खुंटा आणि कुलूप



आज पिकाची गोष्ट नाही. वीज गेल्यावर पिल्लांना ऊब देणारा, दूधयंत्र चालवणारा आणि पाहुण्यांच्या तंबूत उजेड करणारा जनरेटर आपण घेतो. तो सकाळी जागेवर सापडावा म्हणून काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे. हा विषय मला शिकवला तो माझ्याच एका चुकीने. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी खेड तालुक्यात, भामा नदीकाठच्या एका गावात कांद्याच्या रोगांवर रात्रीची सभा ठेवली होती. पडद्यावर चित्रे दाखवायची होती आणि विजेचा भरवसा नव्हता. गावातल्या एका तात्यांनी आपला जनरेटर दिला. पेट्रोलवरचा, लहानसा, दोन माणसांनी उचलावा असा. सभा रंगली. करपा आणि फुलकिडे यांवर प्रश्नोत्तरे होता होता अकरा वाजले. तात्या म्हणाले, "साहेब, आता ह्यो घरी न्यायचा म्हंजे पुन्हा माणसं उठवायची. राहू द्या मांडवातच." मी म्हणालो, "राहू द्या. कोण नेतोय?"

सकाळी मांडव होता, सतरंज्या होत्या, जनरेटर नव्हता.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी पहिलाच प्रश्न केला, "नंबर काय?" तात्यांनी रंग सांगितला, तांबडा. कंपनीही सांगितली. नंबर कुणाला माहीत? पेटीतून पावती शोधून काढली, तर तिच्यावर नंबर लिहिलेलाच नव्हता. महिना-दीड महिन्याने निरोप आला, चोरीचा माल धरला आहे, ओळखायला या. गेलो तर एकाच कंपनीचे तीन तांबडे जनरेटर ओळीने मांडलेले. तात्यांनी तिन्हींभोवती फेऱ्या घातल्या आणि एकाच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्योच वाटतो." हवालदार म्हणाले, "वाटून भागत नाही, तात्या. आणखी दोघांनाही हाच आपला वाटतोय." आम्ही मोकळ्या हातांनी परत आलो.

मधल्या दिवसांत एका थंडीच्या रात्री वीज गेली होती. तात्यांच्या शेडमध्ये आठवड्याची पिल्ले होती. ऊब गेली की पिल्ले एकमेकांच्या अंगावर चढून गोळा होतात आणि खालची गुदमरतात. सकाळी पाट्या भरभरून मेलेली पिल्ले खड्ड्यात टाकावी लागली. तात्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, तेच जास्त लागले. जनरेटरचे पैसे मी हप्त्याने फेडले. पिल्लांचे कसे फेडणार?

तेव्हापासून मी सांगत आलो आहे की जनरेटर चोराने नेला हे खरे, पण तो सापडूनही आपला ठरला नाही तो आपल्या गलथानपणामुळे. म्हणून कुलपाच्याही आधी खूण.

आधी खूण

यंत्रावर कंपनीची पाटी असते आणि इंजिनावर ठोकलेला नंबर असतो. फडक्याने तेल पुसा, बॅटरी लावा, नंबर वाचा आणि घरातल्या वहीत लिहा. त्याचा जवळून एक फोटो, आख्ख्या यंत्राचा एक आणि यंत्राशेजारी उभे राहून आपला एक, असे तीन फोटो काढा. मुलांच्या मोबाईलमध्येही पाठवून ठेवा, म्हणजे एक मोबाईल बिघडला तरी फोटो राहतील. नवीन घेताना दुकानदाराकडून पावतीवर नंबर लिहून घ्या. नंबर नसलेली पावती अर्धीच पावती.

पण चोर पाटी उचकटतो, नंबर कानशीने घासतो. यासाठी आपली स्वतःची खूण करा. लोहाराकडे किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात आकडे-अक्षरे ठोकण्याचे पंच असतात. गावाची दोन अक्षरे आणि आपल्या गट नंबराचे आकडे चौकटीच्या लोखंडी नळीवर ठोकून घ्या. एक खूण ठळक जागी असावी, म्हणजे चोराला आणि घेणाऱ्याला ती दिसेल. दुसरी खालच्या अंगाला, कुणाला सहज न दिसणारी. ती फक्त घरच्यांना ठाऊक असावी. पंच ठोकायचा तो चौकटीवरच. पेट्रोलच्या टाकीवर किंवा इंजिनाच्या बिडावर चुकूनही हातोडा मारू नका.

हीच रीत मोटार, स्टार्टर आणि फवारणी पंपालाही लावा. बैलाला डाग, मेंढराला कानाची खूण आपल्या बापजाद्यांनी केलीच होती. यंत्रच तेवढे बिनखुणेचे का राहावे?

मग खुंटा

ज्याला चाके आणि मूठ आहे ते यंत्र आपल्याला जेवढे सोयीचे, तेवढेच चोरालाही. झाडाला दोरीने बांधलेला जनरेटर कोयत्याच्या एका घावात सुटतो. म्हणून त्याला पक्का खुंटा करा.

जागा ठरवा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. १६ मिलीमीटरची सळई वाकवून तिचा कडा करा. तिची दोन्ही टोके खाली फाकवून खड्ड्यात रोवा आणि वर फक्त साखळी जाईल एवढाच कडा ठेवून काँक्रीट भरा. आठवडाभर पाणी मारा. या ठोकळ्याचे वजन साधारण साडेपाचशे किलो भरते. तो उपटून न्यायचा तर चोराला जेसीबी आणावा लागेल.

साखळी वासराची नको. कडीची जाडी निदान १० मिलीमीटर असावी आणि कडी कडक पोलादाची असावी. साखळी मुठीतून किंवा चाकातून घालू नका, कारण ती पान्याने सुटतात. मुख्य चौकटीतून घाला. साखळी आखूड ठेवा. लांब साखळी जमिनीवर लोळते, मग ती दगडावर धरून घणाने तोडता येते. ताणलेल्या आखूड साखळीला घाव नीट बसत नाही.

कुलूप असे घ्या की त्याची कमान जवळजवळ झाकलेली असेल, म्हणजे कटरचे जबडे आत शिरत नाहीत. किल्लीचे तोंड खाली ठेवा, वर रबराची पट्टी लोंबू द्या आणि पावसाळ्यापूर्वी दोन थेंब तेल सोडा. गंजलेले कुलूप चोराआधी मालकाला अडवते.

चौकटीला कडी जोडायची असेल तर वेल्डिंग करू नका. टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि एक ठिणगी पुरते. बोल्टने आवळा आणि नटाच्या बाहेर राहिलेले टोक हातोडीने चपटे करा, मग पाना लागत नाही.

काम नसेल तेव्हा चाके काढून घरात ठेवा. बॅटरीवर सुरू होणारा असेल तर किल्ली यंत्राला लोंबत ठेवू नका. उजेडासाठी माणूस जवळ येताच पेटणारा सौर दिवा बसवा. दिवा चोराच्या हाताला न येईल इतका उंच हवा.

राखणीत जीव घालवू नका

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली. चोरीच्या भीतीने कित्येक जण चालू जनरेटर पडवीत, खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ओढून घेतात आणि दार लावून झोपतात. असे कधीही करू नका. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्ताला चिकटतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. खिडकी उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. चालू जनरेटर घरापासून, गोठ्यापासून, तंबूपासून निदान २० फूट लांब उघड्यावर हवा आणि धुराचे तोंड वस्तीच्या उलट दिशेला हवे. म्हणूनच खुंट्याची जागा ठरवताना हे अंतर आधी मोजा. राखण साखळीने करा. जाळीचा पिंजरा केलात तर चारही बाजूंनी मीटरभर मोकळी जागा ठेवा आणि वर छप्पर हवेच असेल तर उंच घ्या. चालू यंत्रावर ताडपत्री टाकू नका आणि तापलेल्या टाकीत पेट्रोल ओतू नका.

दुसरी. "कुंपणातच करंट सोडतो, मग बघतो कोण हात लावतोय," असे म्हणणारे मला भेटतात. त्या तारेला चोर ओळखू येत नाही. पहाटे गवत कापायला जाणारी आपली कारभारीण, शेजाऱ्याचे पोर, दावे तोडून आलेला आपलाच बैल, कुणीही तिला लागेल. माणूस मेला तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो आणि चोर बाहेर राहतो. तीस-चाळीस हजारांच्या यंत्रापायी घर उघडे पडते.

पाहुण्यांचे तंबू आणि फिरती घरे

मावळात पवना धरणाच्या काठी आपल्या बऱ्याच बांधवांनी शेतात तंबू लावून मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची सोय केली आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचेही धोरण मंजूर झाले. कॅराव्हॅन म्हणजे गाडीतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेले फिरते घर. अशा गाडीबरोबर कधी पाहुण्यांचाच जनरेटर असतो. रात्री तो गाडीबाहेर ठेवावा लागतो आणि सकाळी नसला तर पाहुणा आपल्याकडेच बोट दाखवतो. आपल्या जागेत उतरलेल्याची वस्तू ही आपल्याकडची ठेवच समजा.

प्रत्येक मुक्कामाच्या जागेपासून २० फुटांवर एक पक्का खुंटा करून ठेवा. पाहुणा आला की जागा आणि साखळी दोन्ही दाखवा. येणाऱ्यांची नावे आणि गाडीचे नंबर वहीत लिहा. रात्री ठरल्या वेळी यंत्र बंद करायची शिस्त लावा. यंत्राच्या घरघरीत पावलांचा आवाज बुडतो आणि कुत्र्याचे भुंकणेही कानावर येत नाही. मंडप, लग्न, जत्रा यांसाठी भाड्याने जनरेटर आणलात तर जाताना टेम्पोत चढेपर्यंत एक माणूस त्याच्यापाशी नेमा. काम संपले आणि माणसे थकली की वस्तू जाते. आमचेही तसेच झाले.

चोरी झालीच तर

जागेवर पायांचे ठसे, गाडीची चाकोरी, तुटलेली साखळी असेल तर हात लावू नका. ११२ क्रमांकावर फोन करा आणि पोलीस पाटलांना कळवा. चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे ही ठाणी १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात. राजगुरुनगर आणि मंचर पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. हद्द कुणाची या घोळात रात्र घालवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांप्रमाणे गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती नोंदल्यावर तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. ती मागून घ्या आणि तिच्यात नंबर व दोन्ही खुणा लिहिल्या आहेत का, ते वाचूनच सही करा. माल सापडला तर न्यायालयाच्या हुकमाने तो परत घेताना हाच कागद उपयोगी पडतो.

विमा असेल तर एजंटाला आजच एक प्रश्न विचारा, "उघड्या शेतातून गेला तर भरपाई मिळते का?" घरफोडीच्या विम्यात बहुधा कुलूप-दार फोडल्याची खूण दाखवावी लागते. नुसता ठेवलेला आणि गेलेला, याला भरपाई मिळेलच असे नाही.

घेणाराही सामील

चोराला गिऱ्हाईक लागते. आपल्या पट्ट्यात कारखान्यांमुळे भंगाराचा धंदा मोठा आहे आणि त्यात इमानाने कमावणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडेच कुणी रात्री येऊन "निम्म्या किमतीत जनरेटर आहे, कागद नाहीत" म्हणाला, तर आपण काय करतो? चोरीचा माल आहे हे जाणून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याची भीती नसेल तर तात्यांची पिल्ले आठवा. तो स्वस्तातला जनरेटर कुणाच्या तरी शेडमधून आलेला असतो. जुना घ्यायचा तर पावती, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि चौकटीवरच्या खुणा पाहूनच घ्या.

या आठवड्यात एवढे करा. पहिल्या दिवशी नंबर वहीत उतरवा आणि फोटो काढा. दुसऱ्या दिवशी लोहाराकडे खूण ठोकून घ्या. रविवारी घरच्यांना बरोबर घेऊन २० फूट मोजा आणि खड्डा खणा. काँक्रीट वाळेपर्यंत चाके काढून ठेवा, आणि बंद करून गार झालेला जनरेटर रात्री आत घ्या.

आणि कुणाचा जनरेटर मागून आणला असेल तर सभा कितीही वाजता संपो, तो त्याच रात्री मालकाच्या दारात पोचवा. माणसे उठवावी लागली तर उठवा.