भेंडवळची घटमांडणी आणि दुकानातील संगणक

बुलढाणा जिल्ह्यात भविष्य सांगण्याची एक जुनी रीत आहे. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, आणि सभोवती 18 प्रकारची धान्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य जागचे हलले, करंजीचे काय झाले, हे पाहून पाऊस, पिके व देशाची तिजोरी यांविषयी भाकीत होते. त्यास शास्त्राचा आधार नाही, असे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. तरीही भेंडवळला दरवर्षी गर्दी होते.

संगणक-व्यवसायातील मोठ्या कंपन्या आणि त्यांचे सल्लागारही वर्षअखेरीस अशीच एक घटमांडणी करतात. त्यांच्या घटात यंदा कृत्रिम बुद्धिमत्तेची करंजी सर्वांत मोठी आहे. पत्रांचे मसुदे, जाहिराती, मालाच्या याद्या ही कामे ती करू लागली आहे, यात संशय नाही. परंतु खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या पेढीवर बसणाऱ्यास 2026 मध्ये काय करावे लागेल, हे त्या घटातून फारसे कळत नाही. त्याच्या दुकानात नवे तंत्र बहुधा राजपत्राच्या वाटेने येते, आणि राजपत्रावर तारीख असते.

खामगावास हा अनुभव नवा नाही. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी समुद्रतळावरील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. कापसाची गासडी बोटीवर चढण्यापूर्वीच लिव्हरपूलचा भाव इकडे कळण्याची सोय झाली. ती तार कोणा आडत्यास विचारून आली नव्हती.

आजच्या व्यापाऱ्याने भाकितासाठी एकच जिना पाहावा. जीएसटीतील ई-इन्व्हॉइसची सक्ती 1 ऑक्टोबर 2020 रोजी 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना लागू झाली. तेव्हा तालुक्याच्या बाजारपेठेत कोणी डोके वर करून पाहिले नाही. पुढे 1 जानेवारी 2021 ला ती मर्यादा 100 कोटी झाली, तीन महिन्यांनी 50, 2022 च्या एप्रिलमध्ये 20, ऑक्टोबरमध्ये 10, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी. तीन वर्षांच्या आत शंभर पट उतार! हे बिल 30 दिवसांत संकेतस्थळावर चढवण्याचे बंधनही आधी 100 कोटींच्या वर होते. 1 एप्रिल 2025 पासून ते 10 कोटींवर आले. ज्या सरकी-ढेप किंवा सोयाबीनच्या व्यापाऱ्याची उलाढाल तीन-चार कोटी आहे, त्याने पुढील पायरी आपली आहे असे समजूनच संगणक घ्यावा. जुना संगणक अजून विंडोज 10 वर चालत असेल, तर त्या प्रणालीचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, एवढे ध्यानी असावे.

खामगाव ही रजतनगरी म्हणून ओळखली जाते, म्हणून चांदीचा दाखला घेणे युक्त ठरेल. सोन्याचे हॉलमार्किंग 2000 साली ऐच्छिक म्हणून सुरू झाले आणि 2021 च्या जूनमध्ये अनेक जिल्ह्यांत सक्तीचे झाले. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. चांदीसाठी तोच क्रमांक 1 सप्टेंबर 2025 पासून आला आहे, तूर्त ऐच्छिक. सोन्याला ऐच्छिकतेकडून सक्तीकडे जाण्यास एकवीस वर्षे लागली. चांदीला तेवढी लागतील असे वाटत नाही. मोबाइलवर क्रमांक टाकून शुद्धता पडताळणारे गिऱ्हाईक सक्तीची वाट पाहणार नाही. ज्याची चांदी खरी, त्याला यात भय कसले?

सर्वांत मोठा पालट मात्र बँकेच्या टेबलावर होत आहे. पूर्वी शाखाधिकारी दुकानात येऊन साठा पाही, शेजारच्या पेढीवर चौकशी करी, आणि वडिलांच्या नावावर मुलाला कॅश क्रेडिट मिळे. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सार्वजनिक बँकांनी लघुउद्योगांची पत त्यांच्या डिजिटल पाऊलखुणांवरून जोखावी असे ठरले, आणि मार्च 2025 मध्ये ती पद्धत सुरू झाली. जीएसटीची विवरणपत्रे, खात्यातील जमा-नावे आणि आयकराचे विवरण एकमेकांशेजारी ठेवून आता संगणक आकडा काढतो. ज्याने विक्री कमी दाखवून कर वाचवला, त्याची कर्जमर्यादा तेवढीच आखूड होणार. दुकानात माल गच्च भरला आहे, हे त्या संगणकास दिसत नाही. या पद्धतीत माणसाची पारख उणावते, हा तिचा दोष आहे. पण ओळखीवर कर्जे देऊन काय घडले, तेही बँकांनी पाहिले आहे.

गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक, पत्ते, उधारी ही वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. बहुतेक कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. तयारीचे वर्ष हेच.

राहिली एक क्षुल्लक वाटणारी बाब. 1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिल व ई-इन्व्हॉइसच्या संकेतस्थळावर पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा ओटीपीही सर्वांना सक्तीचा झाला. कित्येक पेढ्यांच्या नोंदणीत तो मोबाइल मालकाचा नसतो. करसल्लागाराच्या मदतनिसाचा असतो, कधी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुनिमाचा असतो. ट्रक भरून उभा आहे, बिल निघत नाही आणि मुनीम फोन उचलत नाही, असा प्रसंग हंगामात ओढवला तर कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येणार नाही. नोंदणीत मालकाचा स्वतःचा क्रमांक हवा. कामगारांसाठी त्याच संकेतस्थळावर त्यांच्या-त्यांच्या क्रमांकावर स्वतंत्र उप-वापरकर्ते उघडता येतात, आणि माणूस गेला की ते बंदही करता येतात. बंद पडलेला मोबाइल क्रमांक कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला देतात. पेढीचा ओटीपी मग त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतो.