अर्ध्या नाल्यातून किती पाणी जातं?

प्रश्न साधा आहे. नाला गाळाने अर्धा भरला, तर त्यातून पाणी किती जाईल? पावसाळा तोंडावर आला की विरार लोकलमध्ये हा विषय निघतोच, आणि उत्तर ठरलेलं असतं.. "अर्धं!" मंडळी, हे उत्तर चूक आहे. आणि आपल्या वसई-विरारमध्ये ही चूक फार महागात पडते.

आधी थोडं गणित, घाबरू नका. पाणी काय, काकवी काय, प्रत्येक द्रव थोडाफार चिकट असतोच. नळीच्या भिंतीला लागलेला थर जागचा हलत नाही, तो शेजारच्या थराला धरून ठेवतो, तो पुढच्याला. सगळ्यात जास्त वेग मिळतो तो मधोमध. रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं याचा विचार करणाऱ्या प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने (आमच्या कॉलेजात याचा उच्चार 'पॉइझुली'!) १८४० च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं, की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे दाब तोच ठेवून नळी निम्मी बारीक केली, तर द्रव निम्मा नाही, सोळावा हिस्सा जातो. का? तर वाट अरुंद झाली की हलायला मोकळा असा मधला भागच उरत नाही.

आता नाल्यातलं पाणी काही असं थराथराने शहाण्यासारखं वाहत नाही, ते खळाळतं. त्या खळाळाचं पूर्ण गणित अजून कुणाला जमलेलं नाही. नेव्हियर-स्टोक्स समीकरणांच्या कोड्यावर २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे, आणि ते अजून सुटलेलं नाही. पण नाला बांधायला ते सुटायची वाट बघावी लागत नाही. १८८९ साली रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनियरने मांडलेलं सूत्र आजही जगभर वापरतात. रुंद नाल्याला ते लावून बघा.. गाळामुळे खोली निम्मी झाली की पाणी उरतं ३२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिसरा हिस्सा. त्यात झुडपं आणि प्लास्टिक अडकून खडबडीतपणा दुप्पट झाला की त्याचंही निम्मं. शिल्लक साधारण सहावा हिस्सा! बाहेरून बघणाऱ्याला मात्र नाला 'अर्धा मोकळा' दिसतो.

पण खरी मेख उताराची आहे. आपल्या उत्तरेला वैतरणा खाडी, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मधली जमीन बऱ्याच ठिकाणी सपाट. मॅनिंगच्या सूत्रात वेग उताराच्या वर्गमुळावर चालतो. उतार पाव झाला की वेग अर्धा. भरतीला समुद्राचं पाणी नाल्याच्या तोंडाशी चढतं तेव्हा उतार जवळजवळ शून्य होतो. मग नाला कितीही रुंद करा, कितीही गाळ काढा.. शून्याने गुणलं की शून्यच. ढकलायला जोरच नसेल तर पाणी जाणार कुठे?

त्या काही तासांत सूत्रातून एकच सुटका आहे.. पाण्याला थांबायला जागा देणं. ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी साठलं पाहिजे. मिठागरं, तळी, खाजणं नेमकं हेच काम करत आली आहेत, तेही पगार न घेता. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरांत माणसं अडकली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून पुराचा अभ्यास करून घेतला, तेव्हा सुचवलेल्या उपायांमध्ये धारण तलाव होते. म्हणजे जे इथे आधीपासून होतं, तेच आता खोदून घ्यायचं!

म्हणून मला वाटतं, 'इतके टक्के नालेसफाई झाली' हा आकडा वाचून समाधान मानणं आपण सोडायला हवं. विचारायचं ते असं, की मोठ्या भरतीत, पाऊस जोरात असताना, या वॉर्डातलं पाणी चार-पाच तास कुठे थांबणार आहे? नवीन टॉवरचं ब्रोशर हातात घ्याल तेव्हाही विचारा, की या प्लॉटवर भराव घालण्याआधी काय होतं. सेल्सवाला गडबडेल. गडबडू दे. पावसाळा काही ब्रोशर वाचून येत नाही.