दरपत्रकाशेजारी जंतुसंसर्गाचाही फलक हवा

औषधांना दाद न देणारे जंतू सर्वांत घट्ट तळ ठोकतात ते रुग्णालयात, आणि त्यातही अतिदक्षता विभागात. तिथला रुग्ण आधीच दुबळा असतो. त्याच्या श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी, मूत्राशयात कॅथेटर आणि मानेजवळच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन असते. त्वचेने बाहेर रोखून धरलेल्या जंतूंना या नळ्या आत शिरायची वाट करून देतात. शिवाय अँटिबायोटिक्स सतत चालू असतात. त्यांनी निरुपद्रवी जंतू मरतात आणि औषध पचवणाऱ्यांना मोकळे रान मिळते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, एवढे सांगितले तरी वेगाची कल्पना येईल.

जंतू औषध निकामी करतात ते निरनिराळ्या मार्गांनी. काही जण औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतात, काही जण आत आलेले औषध बाहेर फेकतात. हे कसब ज्या जनुकांत असते, ती जनुके एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. क्लेबसिएलाने कमावलेली ताकद ई. कोलायला आयती मिळते.

अशाच एका विकराचे नाव एनडीएम-१. कार्बापेनेम ही राखीव ठेवायची औषधे तो मोडून टाकतो. दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णात तो २००८ साली सापडला आणि शोधकर्त्यांनी त्याला नवी दिल्लीचे नाव दिले. २०१० मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील रुग्णांत तो आढळल्याचे प्रसिद्ध होताच देशात संताप उसळला तो मुख्यतः या नावावर. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत या विकराचे जनुक मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. शहराचे नाव लागणे अन्यायाचे होते, हे मान्य. पण त्या संतापाचा थोडा जरी अंश रुग्णालयांतल्या स्वच्छतेच्या वाट्याला आला असता, तर आज अनेक घरांतली माणसे वाचली असती.

या संकटाचे खरे स्वरूप कल्चर रिपोर्टच्या कागदावर दिसते. रुग्णाच्या रक्तातून वाढवलेल्या जंतूचे नाव वर आणि खाली औषधांची यादी असते. ज्याला जंतू दबतो त्या औषधापुढे ‘एस’, ज्याला दबत नाही त्यापुढे ‘आर’. अतिदक्षता विभागातल्या क्लेबसिएलाच्या रिपोर्टात सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन आर, अ‍ॅमिकासिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, मेरोपेनेम आर अशी ओळ खालपर्यंत जाते आणि ‘आर’ नसलेले एखादेच नाव उरते, बहुधा कोलिस्टिन. मूत्रपिंडांना इजा करते म्हणून डॉक्टरांनी एकेकाळी बाजूला ठेवलेले हे जुने औषध. आता त्यावरच भिस्त, आणि त्यालाही पुरून उरणारे जंतू निघाले आहेत.

२०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी संसर्गाने झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी भारतातले सुमारे तीन लाख. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र सेप्टिसीमिया किंवा मल्टिऑर्गन फेल्युअर लिहिले जाते. जंतू औषधांना जुमानत नव्हता, याचा कुठे उल्लेख नसतो. नातेवाइकांना सांगितले जाते, ‘ऑपरेशन चांगले झाले होते, पण इन्फेक्शन झाले.’ जणू इन्फेक्शन आभाळातून पडते.

दोष द्यायची वेळ आली की बोट रुग्णाकडे वळते: लोक कोर्स पूर्ण करत नाहीत, मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतात. परस्पर गोळ्या घेणे घातकच आहे. त्यासाठी २०१४ पासून एच-१ अनुसूचीही लागू आहे आणि त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, चिठ्ठीवर विकतानाही वेगळ्या वहीत नोंद लागते. पण व्हेंटिलेटरवर बेशुद्ध पडलेल्या माणसाने कोणता कोर्स अर्धवट सोडला? शेजारच्या खाटेवरचा जंतू त्याच्यापर्यंत पोचतो तो बहुतेकदा कर्मचाऱ्यांच्या हातांवरून. हात धुण्याने बाळंतिणींचे मृत्यू घटतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ सालीच दाखवून दिले होते. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हा निकष आहे. तीन खाटा सांभाळणारी सिस्टर प्रत्येक स्पर्शाआधी आणि नंतर हात धुईल कधी? हा दोष तिचा नाही, नेमणुका न करणाऱ्यांचा आहे. तसाच दोष कल्चरसाठी रक्त न घेताच पहिल्या दिवशी मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातले राखीव औषध सुरू करण्याच्या प्रथेचा आहे.

हे थांबवता येते, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनसाठी पाच साधे नियम पाळले: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. दीड वर्षात रक्तसंसर्ग तब्बल ६६ टक्क्यांपर्यंत घटले. इंग्लंडने २००१ पासून एमआरएसए या जंतूच्या रक्तसंसर्गाची नोंद प्रत्येक सरकारी रुग्णालयाला सक्तीची केली, आकडे रुग्णालयनिहाय प्रसिद्ध केले आणि २००४ मध्ये ते निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट घातले. तेव्हा वर्षाला सुमारे ७,७०० रुग्ण होते. दहा वर्षांच्या आत ते हजाराखाली आले. आकडे चव्हाट्यावर आले, तेव्हा व्यवस्थापनाला हातपाय हलवावेच लागले.

आकडे जाहीर करण्यावर एक रास्त आक्षेप आहे. मोठ्या रुग्णालयांत दुसरीकडे बिघडलेले रुग्ण येतात, जंतू सोबत घेऊनच येतात. म्हणून दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी उद्भवलेला संसर्गच त्या रुग्णालयाच्या नावावर धरावा आणि तो दर हजार ‘नळी-दिवसां’मागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) मोजावा. जगभर ही मोजणी अशीच होते. गंभीर रुग्ण घेणाऱ्यांवर त्यात अन्याय होत नाही.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक ठरले. त्याच भिंतीवर तिसरा फलक हवा: गेल्या तिमाहीत सेंट्रल लाइन, कॅथेटर आणि व्हेंटिलेटरमुळे झालेले संसर्ग किती, त्यांतले औषधरोधी किती, अतिदक्षता विभागात खाटा किती आणि परिचारिका किती. सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना हा नियम सारखाच लागू व्हावा. तो होईपर्यंत प्रत्येक नातेवाइकाने कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्यावी, नळी आजही गरजेची आहे का हे रोज विचारावे, आणि आपल्या आमदाराकडे या तिसऱ्या फलकाची लेखी मागणी करावी.