शिरोरेषेची गाइड कुठाय?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते. त्याआधी आम्हा डिझायनर मंडळींना मान वर करायला फुरसत नसते. स्वागतकमानी, अन्नदानाचे फ्लेक्स, दिंड्यांचे बॅनर, सगळंच तातडीचं. आणि दरवर्षी मला एकाच गोष्टीचा संताप येतो. ज्या सॉफ्टवेअरवर हे काम चालतं, त्यातल्या ग्रिड आणि गाइड देवनागरीचा विचार करून बनवलेल्याच नाहीत.

‘देहू’ आणि ‘तुकाराम’ हे शब्द दोन वेगळ्या लेअरवर घ्या आणि वरच्या कडा जुळवा. ‘देहू’वर मात्रा आहे, ‘तुकाराम’वर काहीच नाही. सॉफ्टवेअर मात्रेचं टोक धरतं आणि ‘तुकाराम’ची शिरोरेषा तेवढी वर चढते. खालच्या कडा जुळवाव्यात तर ‘आळंदी’शेजारी ‘तुकाराम’चा उकार आडवा येतो. बेसलाइन धरावी, तर एक शब्द मोठा केला की शिरोरेषेची पायरी होते. मग झूम करा, हाताने गाइड ओढा, ॲरो कीने एकेक पिक्सेल सरकवा. फॉन्ट बदलला की पुन्हा पहिल्यापासून, कारण गाइड कॅनव्हासला चिकटलेली असते, अक्षराला नाही. जुने पेंटर दोरीने आधी वरची रेघ पाडायचे आणि अक्षरं तिच्याखाली सोडायचे. त्यांच्या दोरीला जे कळत होतं, ते महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरला कळत नाही!

हे अवघड आहे, असं मला कुणी सांगू नये. ओपनटाइप फॉन्टमध्ये अशा टांगत्या रेषेची नोंद ठेवायला ‘हँग’ नावाची सोय आहे. ब्राउझरच्या कॅनव्हासलाही ‘हँगिंग’ बेसलाइन समजते. फॉन्टमध्ये नोंद नसेल, तर ‘क’च्या माथ्याची उंची मोजा. जपानी लिपीसाठी इनडिझाइनमध्ये अक्षरागणिक चौकटींची ग्रिड आहे. तिथे कष्ट घेता आले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते. हिंदी, नेपाळी, कोकणी याच रेषेला टांगलेल्या. एवढी माणसं गिऱ्हाईक म्हणून चालतात, त्यांची लिपी मात्र हिशेबात नाही.

दोष आपलाही आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, पण रोजच्या हत्याराबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. कितीतरी दुकानं क्रॅक व्हर्जनवर चालतात. पैसेच भरले नाहीत, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

मागणी साधी आहे. टेक्स्ट निवडला की वेलांटीचा माथा, शिरोरेषा आणि उकाराचा तळ अशा तीन रेषा दिसाव्यात. अक्षराबरोबर त्या हलाव्यात, आणि स्नॅप आधी शिरोरेषेला व्हावं. गिंप आणि इंकस्केपचा कोड खुला आहे. हिंजवडीचं आयटी पार्क देहूपासून लांब नाही. तिथल्या मराठी इंजिनिअरांनी या कामाला हात घालावा. तपासायला फाइली मी देतो.