वाद्य खाली ठेवणाऱ्यांची बाजू

गेल्या वर्षी युवक महोत्सवाच्या समूहगानात मी होते. यंदा नाही. तालीम रोज संध्याकाळी साडेपाचला सुरू होते आणि सहा वाजता मला एका स्टेशनरीच्या दुकानात हजर व्हावे लागते. ही अडचण सांगायला गेले तेव्हा एका जाणकार व्यक्तीने मला समजावले, "कला निष्ठा मागते. तिच्यासाठी बाकीचे सोडावे लागते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कळवळाच होता. मी मान हलवली आणि दुकानात गेले. पण ते वाक्य काही मनातून गेले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे. उत्तरासाठी साक्षीदार मात्र मी फार दूरचे बोलावले आहेत. ते आहेत अमेरिकेतील जॅझ संगीताचे ट्रॉम्बोनवादक.

ते मला सापडले कसे, हे आधी सांगते. आमच्या घरी 'अलबेला' (1951) मधील गाणी सर्वांच्या तोंडी. त्या चित्रपटात भगवानदादांच्या मागे जो बँड वाजवताना दिसतो, तो गोव्याकडच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाचा. हा माणूस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवी आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही वाजवी. गोव्यातून मुंबईला आलेल्या कितीतरी वादकांचे आयुष्य असेच गेले. रात्री हॉटेलात आवडीचे वाजवायचे, दिवसा स्टुडिओत पोटाचे. या वादकांमागोमाग मी जॅझकडे वळले आणि मोबाइलवर ऐकता ऐकता ट्रॉम्बोनपाशी येऊन थांबले.

ट्रॉम्बोन म्हणजे पितळेची सुमारे नऊ फूट लांबीची, वळवून आटोपशीर केलेली नळी. तिला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, बासरीसारखी छिद्रे नाहीत. आत-बाहेर सरकणारी एक नळी आणि तिच्या सात जागा, एवढाच सारा कारभार. नेमका स्वर कोठे आहे ते वादकाने कानाने ओळखायचे आणि हाताने गाठायचे. आपल्या संगीतातील मींड ज्यांच्या कानावरून गेली आहे, त्यांना ट्रॉम्बोनचा घसरता स्वर परका वाटणार नाही. न्यू ऑर्लिन्स शहरात जुन्या काळी बँड गाडीत बसून जाहिरात करीत फिरत, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या अगदी मागच्या टोकाला बसवीत. त्याची नळी पुढच्याला लागू नये, एवढेच कारण. त्या वादनशैलीला 'टेलगेट', म्हणजे गाडीच्या मागच्या फळीची शैली, असे नाव पडले.

या शैलीचा पहिला मोठा वादक किड ओरी. जन्म 1886, लुइझियाना राज्यातील लाप्लास गावी. लहानपणी त्याने आणि त्याच्या मित्रांनी घरी केलेल्या वाद्यांवर बँड काढला. मग तळलेल्या माशांच्या पंगती भरवून, तेथे वाजवून, त्या पैशांतून खरी वाद्ये घेतली. म्हणजे हा मुलगा वादक होण्याच्या आधी व्यवस्थापक झाला! पुढे त्याच्या बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँग वाजवून गेला. 1922 साली लॉस एंजेलिसमध्ये ओरीच्या बँडचे ध्वनिमुद्रण झाले. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णी जॅझ बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते. एवढा मोठा माणूस. पण मंदीच्या काळात, 1933 च्या सुमारास, त्याने ट्रॉम्बोन बाजूला ठेवला आणि भावाबरोबर कोंबड्या पाळल्या. रेल्वेच्या टपाल कचेरीतही काम केले. 1940 नंतरच्या दशकात जुन्या जॅझला पुन्हा मागणी आली, 1944 साली ऑर्सन वेल्सच्या रेडिओ कार्यक्रमात तो वाजवू लागला आणि त्यानंतर त्याचा बँड पुष्कळ वर्षे चालला. 1973 साली तो हवाई बेटांवर वारला.

मला विचारायचे आहे ते एवढेच की कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या किड ओरीची निष्ठा त्या वर्षांत कोठे गेली होती?

दुसरा साक्षीदार जे. जे. जॉन्सन (1924–2001). ट्रॉम्बोनवर इतके जलद आणि इतके स्वच्छ वाजवता येते, हे जगाला दाखवणारा हा माणूस. 1952 पासून सुमारे दोन वर्षे तो एका कारखान्यात तांत्रिक आराखडे तपासण्याची नोकरी करीत होता. 1954 साली त्याने काई विंडिंग या दुसऱ्या ट्रॉम्बोनवादकाबरोबर पंचक काढले आणि ते अतिशय गाजले.

यावर कोणी म्हणेल, की ही माणसे दुसऱ्यांच्या हाताखाली वाजवीत राहिली म्हणून ही वेळ आली. स्वतःचा मोठा वाद्यवृंद काढला असता तर चिंता नव्हती. परंतु वाद्यवृंदाचा नायक होणे म्हणजे काय? पंधरा-सोळा वादकांचा आठवड्याचा पगार, बसचे भाडे, गणवेश, रचना लिहिणाऱ्याचे मानधन, कार्यक्रम मिळवून देणाऱ्याची दलाली. टाळ्या रात्री वाजतात, हिशेब सकाळी होतो. जॅक टीगार्डन हा विलक्षण ट्रॉम्बोनवादक आणि तितकाच गोड गायक. 1939 साली त्याने स्वतःचा वाद्यवृंद काढला. सात-आठ वर्षांत हाती राहिले ते कर्ज. 1946 च्या डिसेंबरात त्याने तो मोडला. त्याच सुमारास टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन, हॅरी जेम्स यांसारख्या नामवंतांनीही आपापले वाद्यवृंद बंद केले. पगार आणि प्रवास महाग झाला होता, नृत्यगृहांवर युद्धकाळात बसवलेला कर अजून होता, लोकांची आवड गायकांकडे वळली होती. यांपैकी एकाही कारणाचा संबंध निष्ठेशी नाही. टीगार्डन पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँगच्या बँडमध्ये नोकरीस लागला आणि तेथे त्याने उत्तम वाजवले.

माझी शेवटची साक्षीदार मला सर्वांत जवळची वाटते. मेल्बा लिस्टन. जन्म 1926, कॅन्सस सिटी. कृष्णवर्णी मुलगी, आणि हाती वाद्य ट्रॉम्बोन, जे बायकांचे नव्हे असेच सारे मानत. 1943 साली ती जेराल्ड विल्सनच्या वाद्यवृंदात आली. वाजवू लागली आणि इतरांसाठी रचनाही लिहू लागली. 1949 च्या सुमारास बिली हॉलिडे या थोर गायिकेबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिण भागात दौऱ्यावर गेली. दौरा फसला, पैसे संपले, मंडळी परगावी अडकून पडली. त्यानंतर मेल्बाने वाद्य ठेवले आणि लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी धरली. अधूनमधून चित्रपटांत लहानसहान कामेही केली.

1956 साली डिझी गिलेस्पीने आपल्या परदेश दौऱ्यासाठी तिला बोलावून घेतले. बाई कशाला, म्हणून काही वादकांनी कुरकुर केली. पण तिने लिहिलेल्या रचना समोर आल्यावर ती कुरकुर थांबली. 1958 साली तिच्या स्वतःच्या नावावर ट्रॉम्बोनचीच एक तबकडी ध्वनिमुद्रित झाली. पुढे काही वर्षे तिने जमैकात संगीत शिकवले, अमेरिकेत परतून स्वतःचा बँड काढला. 1985 साली पक्षाघाताने तिचे वादन संपले, तरी संगणकाच्या साहाय्याने ती रँडी वेस्टन या पियानोवादकासाठी रचना करीत राहिली. 1999 साली ती गेली.

आता माझे म्हणणे. पोटासाठी वाद्य खाली ठेवणे म्हणजे कलेशी बेइमानी, हा विचार मला चुकीचा वाटतो. तो बहुधा त्यांनाच सुचतो ज्यांच्या घरी पहिल्या तारखेची वाट कोणी पाहत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या संध्याकाळच्या पगारातून माझे एस.टी.चे भाडे आणि धाकट्या भावाची पुस्तके येतात. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. निष्ठेची किंमत प्रत्येक घरात सारखी नसते, एवढेच मला दाखवायचे आहे.

परंतु दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नोकरी करूनही कला जगतेच, असे म्हणून आपण निर्धास्त झालो तर ती लबाडी ठरेल. ओरीची जवळजवळ दहा वर्षे गेली. मेल्बाने कारकुनीत घालवलेल्या वर्षांतले संगीत कोठेच नाही. ते झालेच नाही. शिवाय ही परत आलेल्यांची नावे आहेत. जे परत येऊ शकले नाहीत त्यांची यादी कोणी केली आहे? म्हणून त्यागाच्या गोष्टी सांगून भागत नाही. परत येण्याचा दरवाजा कोणी उघडा ठेवला, हे विचारले पाहिजे. मेल्बासाठी तो गिलेस्पीने उघडला. तिने वाद्य का सोडले होते याचा जाब त्याने मागितला नाही, सरळ काम दिले.

आपल्या महाविद्यालयाला हे करणे अवघड नाही. मोठ्या निधीची गरज नाही. तालमीचे वेळापत्रक ठरवताना कोण कोठे काम करते हे एकदा विचारावे आणि आठवड्यातून निदान एक तालीम रविवारी सकाळी ठेवावी. आमचे दुकान रविवारी बंद असते. मी येईन, आणि माझ्या ओळखीच्या आणखी सहा-सात जणी येतील, ज्यांचा आवाज माझ्याहून चांगला आहे.

(द्वितीय वर्ष कला)